हद्दीबाहेरचा गव्हर्नर

क्रेनफील्ड,
१४ नोव्हेंबर १८११

चि. जोथम यास,
ताईचे अ. उ. आ.

आता तुला गव्हर्नरसाहेब म्हणायला हवं, पण ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं त्याला साहेब म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा सांभाळून घे. टपालवाला आला तेव्हा मी डुकराचं मांस खारवत होते. कोपरापर्यंत हात मिठात. त्याने घोड्यावरूनच ओरडून सांगितलं की म्हातारे गव्हर्नर गेले आणि आता लेफ्टनंट गव्हर्नर लॅरबी त्यांच्या खुर्चीत बसणार. म्हाताऱ्यासाठी वाईट वाटलं रे, भला माणूस होता. मग एकदम हसू आलं. कातडी कमावणारा पोरगा, मग शाळामास्तर, मग गावचा कारकून, मग सभापती, आणि आता हे! इथे सगळे म्हणताहेत की आकाशात तो शेपटीवाला तारा दिसतोय, त्यानेच हे घडवलं. मी म्हटलं, ताऱ्याला दुसरी कामं असतील.

हंगामी का होईना, गव्हर्नर तो गव्हर्नर. मार्चमध्ये निवडणूक आहे, तेव्हा पक्ष तुलाच उभा करील आणि जूनपासून तू पक्का होशील, असं टपालवाल्याचंही मत आहे. तोवर थंडीत लोकरीचे मोजे घाल. पाठवले आहेत.

आता कामाचं. माझ्याकडे डॉर्कस फिंच राहते हे तुला लिहिलं होतं. तिचा नवरा आमोस, मालाची गाडी हाकायचा. मे महिन्यात आपल्या उतारावर गाडी उलटली आणि तो तिच्याखालीच गेला. बाई दोन मुलींना घेऊन रस्त्यात उभी. मी घरात घेतलं. तिच्यासारखी विणकरीण मी जन्मात पाहिली नाही. मुली तर माझ्या चीजच्या फडक्यांत वाढल्यासारख्या वावरतात. गावाचा एक घास त्यांनी खाल्लेला नाही.

तरीसुद्धा गेल्या मंगळवारी कॉन्स्टेबल सायलस निघण्याचा कागद घेऊन आला. तुला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. नवीन माणूस कागद वाचून न दाखवता वर्षभर गावात राहू दिला तर तो गावचा होतो, मग तो आजारी पडला तर गावाने पोसायचं. म्हणून वर्ष भरायच्या आत दारात येऊन वाचायचं की पंधरा दिवसांत हद्द सोडा. बऱ्याचदा वाचून सोडून देतात. पण आपल्या चर्चचा डीकन आणि गावपंचांचा म्होरक्या टट्टल या वेळी खरंच गाडीत घालून पाठवायला निघाला आहे, आमोसच्या जन्मगावी, समुद्रकाठी. तिथे हिला कुत्रं ओळखत नाही. तिथले पंच दर वर्षी गरिबांचा लिलाव करतात, जो कमीत कमी पैशात पोसायला तयार त्याच्या घरी माणूस. दोन मुली दोन घरी जातील, आणि आई तिसऱ्या.

टट्टलला दोन ओळी लिही. गव्हर्नरच्या हातच्या दोन ओळी पाहिल्या की तो ताठ माणूस मेणासारखा वितळतो, मला माहीत आहे.

माया आहे तेवढी आहेच, ती वाढवायला सांगायची गरज नाही.

तुझी,
हिटीताई


राजधानी,
२८ नोव्हेंबर १८११

ती. हिटीताईस,
जोथमचा सा. न.

मोजे पोचले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे, म्हणजे खात्री पटली की तूच विणले. उपयोग मोठा झाला, कारण या खुर्चीत बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि गार पडतात. म्हातारे धिप्पाड होते, मी चणीने लहान. पदाबरोबर आलेली त्यांची टोपीसुद्धा कानांवर येते. मंडळाचे बारा सभासद मला फार आदराने वागवतात, पण मी लेखणी उचलली की सचिव खोकतात. त्यांचं म्हणणं असं की हंगामी माणसाने दिवा विझू देऊ नये, पण वातीला हात लावू नये. फाशी, माफी, नेमणूक, सगळं मार्चनंतर. मी देवाचे आभार मानण्याच्या दिवसाचं जाहीरपत्रक तेवढं काढलं. त्यातलंही एक वाक्य त्यांनी कापलं, त्यात म्हणे उत्साह फार होता.

डॉर्कसबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, तू मागतेस ते मला करता येत नाही. गावात कोणी राहायचं हे गाव ठरवतं, गव्हर्नर नाही. उद्या मी क्रेनफील्डला सांगितलं तर परवा प्रत्येक गाव बोंब मारील. दुसरं, तुझ्यापासून काय लपवायचं, टट्टल तुमच्या जिल्ह्यातला पक्षाचा खांब आहे. फेब्रुवारीअखेरच्या बैठकीत तो ज्याच्या बाजूला बसेल त्याच्या बाजूला अख्खा जिल्हा बसेल. मी आयुष्यभर इथवर चालत आलो. एक पाऊल राहिलं आहे. ते टट्टलच्या पायावर ठेवून कसं चालेल?

बाईंना थंडी संपेपर्यंत राहू दे असं मी त्याला सौम्य शब्दांत सुचवीन. तूही जरा सौम्य राहा. जमलं तर.

तुझा धाकटा, रागावू नकोस म्हणून आधीच विनवणारा,
जोथम


क्रेनफील्ड,
१७ डिसेंबर १८११

जोथम,

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही. पत्राच्या शेवटी राग उतरला तर लिहीन.

तुझं सौम्य सुचवणं पोचलं. टट्टलने ते सभाघराच्या पायऱ्यांवर मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला की गव्हर्नरसाहेबसुद्धा गावाच्या हक्काला मान देतात. झालं! चार दिवसांत सायलस बर्फगाडी घेऊन दारात. तुझ्या सौम्यपणाने तिची थंडी वाचायच्या ऐवजी थंडीतच तिची पाठवणी ठरली. शाब्बास.

पण तू विसरलास, हे घर बाबांनी कसं बांधलं ते. हद्दीची रेघ बरोबर घराच्या मधून जाते. स्वयंपाकघर आणि पुढचं दार क्रेनफील्डमध्ये, मागची खोली शेजारच्या ईस्ट बॅरो गावात. सायलस आत आला तशी मी डॉर्कसला डोळ्याने खुणावलं. ती मुलींना घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसली आणि विणू लागली. सायलस बिचारा उंबऱ्यावर थांबला. तो म्हणाला की त्याची सत्ता इथे संपते. मी त्याला चीज आणि सफरचंदाचं सायडर दिलं. दुसऱ्या आठवड्यात ईस्ट बॅरोचा कॉन्स्टेबल त्याच्या गावचा तसाच कागद घेऊन मागच्या दाराने आला, तशी ती स्वयंपाकघरात. परवा तर दोघे एकाच वेळी आले, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि डॉर्कस मधल्या दारात खुर्ची टाकून बसली, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. दोघांना कोण हसवत होतं माहीत आहे? धाकटी, सहा वर्षांची. ती विचारत होती की तिच्या आईचा कुठला पाय कोणाचा. दोन्ही कॉन्स्टेबल अर्धं चीज संपवून गेले.

हसतोस ना? हस. पण रात्री ती पोरगी झोपेत दचकते. हे किती दिवस चालणार?

आणि आता नीट वाच. तुला आठवणार नाही, तू सहा महिन्यांचा होतास. मी आठ वर्षांची होते. राजाचा काळ होता. बाबा समुद्रकाठाहून बैलांच्या घसरगाडीवर आपल्याला घेऊन इथे आले. झोपडीला छप्पर नव्हतं, पण दारापुढे बाबांनी एक मोठा दगड ओढून पायरी टाकली होती. त्या पायरीवर आई तुला मांडीवर घेऊन बसली होती आणि कॉन्स्टेबल आला. त्याने कागद वाचला. जेरेमाया लॅरबी, त्याची बायको, मुलगी मेहिटेबल (ती मी) आणि तान्हा मुलगा जोथम यांनी पंधरा दिवसांत हद्द सोडावी. हो बाबा, तान्हा मुलगा जोथम. तू बोलायच्या आधी तुला गावाबाहेर काढलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की वाचून झालं असेल तर जरा बाजूला हो, बाळाचं ऊन अडतंय. ती उठली नाही. बाबा घाबरून सामान बांधायला लागले होते, त्यांना म्हणाली की बांधलेलं सोडा. पंधरा दिवस गेले, पन्नास गेले, पुढे तेच गाव तुला शाळामास्तर म्हणून बोलवायला आलं.

ती उठली असती तर आज तुझी खुर्ची कुठे असती रे?

राग उतरला नाही. तरी आशीर्वाद. थंडी आहे.

हिटी


क्रेनफील्ड,
९ जानेवारी १८१२

माननीय हंगामी गव्हर्नर जोथम लॅरबी यांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या मागील पत्राने आम्हा गावपंचांना मोठा आधार मिळाला. आपल्यासारखा गावचा मुलगा इतक्या उंचीवर पोचूनही गावाच्या रीतीला मान देतो, हे पाहून ऊर भरून आला. एकच विनंती. आपल्या भगिनींनी घराच्या दोन बाजूंचा जो खेळ मांडला आहे तो आवरावा. आम्ही कुणाचे वैरी नाही. परंतु एका गाडीवानाच्या विधवेला सूट दिली तर उद्या सगळ्या डोंगराच्या विधवा क्रेनफील्डची वाट धरतील.

पक्षाची बैठक जवळ आली आहे. कर्नल विदरबी यांचेही नाव काही मंडळी घेत आहेत. माझा कल आपल्याकडे आहे, आणि राहावा ही इच्छा आहे. मात्र ज्याला बहीण आवरत नाही त्याला राज्य कसे आवरेल, असे एक-दोघे म्हणाले. मी त्यांना गप्प केले. पुन्हा म्हणाले तर गप्प करता येईल की नाही, सांगता येत नाही.

या वेळी कागद मी स्वतः तयार करणार आहे. त्यात कुठेही फट राहणार नाही.

आपल्या लोभाचा आजवर धनी असलेला, पुढेही राहू इच्छिणारा,
ॲम्ब्रोज टट्टल, डीकन


राजधानी,
२० जानेवारी १८१२

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. मंडळाच्या बैठकीत कालव्यावर चर्चा चालू होती आणि माझ्या डोक्यात आईची पायरी. सचिव दोनदा खोकले तरी कळलं नाही.

टट्टलचंही पत्र आलं. गोड आहे, इतकं गोड की दात दुखतात. तू हट्टी आहेस आणि तो कोडगा, आणि मधे मी. विधिमंडळाचं सत्र संपलं की फेब्रुवारीच्या शेवटी मी येतो. बसून बोलू. डॉर्कसबाईंसाठी ईस्ट बॅरोपलीकडे एका ओळखीच्या कुटुंबात जागा बघून ठेवली आहे, मुलींसकट. टट्टलची इज्जत राहील, बाईंच्या मुली जवळ राहतील, माझी बैठक पार पडेल. मधला मार्ग म्हणजे नेहमीच भ्याडपणा नसतो, ताई. कधीकधी असतो, हे कबूल.

मी आलो की मक्याची कांजी कर, मॅपलचा पाक घालून. इथले लोक त्यात जायफळ घालतात.

तुझाच,
जोथम


क्रेनफील्ड, ताईच्या स्वयंपाकघरातून,
२५ फेब्रुवारी १८१२

डीकन ॲम्ब्रोज टट्टल यांस,
जोथम लॅरबीचा नमस्कार.

डीकनसाहेब, आपला कागद काल पोचला. कसा पोचला ते ऐका, कारण सायलस ते आपल्याला सांगायला धजणार नाही.

मी नुकताच येऊन बसलो होतो. बूट काढून पाय शेकोटीकडे केले होते, हातात कांजीचा वाडगा होता. आणि खरं सांगतो, त्याच घटकेला मी ताईला समजावत होतो की डॉर्कसबाईंना दुसरीकडे पाठवून तुमचा मान राखावा. निम्म्यावर आली होती ती. इतक्यात सायलस आला. मला पाहून टोपी काढली, पांढरा पडला, आणि कागद उलगडला. तुम्ही त्याला बजावलं होतं ना, की अक्षर न गाळता वाचायचं? त्याने नाही गाळलं. डॉर्कस फिंच, तिच्या दोन मुली, आणि त्या घरात कोणत्याही बाजूला उतरलेला जो कोणी माणूस या गावचा रहिवासी म्हणून आज नोंदलेला नसेल तो, या सर्वांनी पंधरा दिवसांत हद्द सोडावी.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. ताई चुलीकडे वळली, तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती देव जाणे. पाच वर्षांपूर्वी मी या घरातला माझा वाटा ताईला विकला. माझी पट्टी राजधानीत भरतो. गेल्या वर्षी आपणच माझं नाव इथल्या नोंदीतून काढायला लावलंत. त्या घरात उतरलेला, या गावचा नसलेला माणूस मीच. सायलसने मला विचारलं की आता त्याने काय करावं. मी म्हटलं की माझं नाव कागदावर लिहून घे आणि सही कर, रीत आहे.

फट राहू नये म्हणून आपण इतकं मोठं दार लावलंत की स्वतःच्या पक्षाचा गव्हर्नर त्यात सापडला! पण गंमत तिथे संपली. माझ्या मांडीवर वाडगा होता आणि समोर ती धाकटी पोरगी उभी होती. तिने मला विचारलं की काका, तुम्हालाही समुद्राकडे पाठवणार का, आणि तुम्हाला तिथे कोण घेईल. मी वाडगा खाली ठेवला आणि म्हटलं की जाईन तर तुमच्याच गाडीतून.

तेव्हा मी कायदा पाळतो. पंधरावा दिवस म्हणजे दहा मार्च, गावसभेचा आणि मतदानाचा दिवस. त्या सकाळी मी डॉर्कसबाई आणि मुलींबरोबर एकाच बर्फगाडीत सभाघरासमोरून जाईन. टोपी घालून, कानांवर येते ती. भाषण करणार नाही. क्रेनफील्डने कोणाला बाहेर काढलं ते क्रेनफील्डने डोळ्यांनी पाहावं, एवढंच.

ज्याला बहीण आवरत नाही असा,
जोथम लॅरबी


क्रेनफील्ड,
२६ फेब्रुवारी १८१२, सकाळी

माननीय गव्हर्नरसाहेब,
सा. न. वि. वि.

आपल्या पत्राने आम्ही अत्यंत व्यथित झालो. हा निव्वळ लेखनातला अतिरेक आहे. त्या ओळीचा रोख आपल्याकडे कसा असेल? मी ताबडतोब आपले नाव खोडतो. बाकी कागद आहे तसा राहील. आपण दोघेही समंजस आहोत. परवा बैठक आहे. जिल्ह्याची मते आजही आपली आहेत, उद्या दुपारपर्यंत कळवावे. एका बाईसाठी एवढे आयुष्य फेकून द्यायचे नसते.

आपल्या कल्याणाची काळजी वाहणारा,
ॲ. टट्टल


क्रेनफील्ड,
२६ फेब्रुवारी १८१२, दुपारी

डीकनसाहेब,

उद्यापर्यंत थांबायची गरज नाही. कागद एक आहे, सही एक आहे. फाडायचा तर सगळा फाडा, पाळायचा तर सगळा पाळू. माझं नाव एकटं खोडलंत तर मी ते स्वतःच्या हाताने पुन्हा लिहीन.

कर्नल विदरबींना माझ्या शुभेच्छा सांगा. खुर्ची त्यांच्या मापाची आहे.

जो. लॅ.


क्रेनफील्ड,
११ मार्च १८१२

चि. जोथम यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद. डिसेंबरमधले राहिलेलेही यातच धर.

मुली राजधानीत नीट पोचल्या का? धाकटीला घसरगाडीत मळमळतं, आलं चघळायला दे. डॉर्कसला म्हणावं, मागावरचं कापड मी झाकून ठेवलंय.

तुझी गाडी वळणाआड गेली आणि तू पुढचं पाहिलं नाहीस, म्हणून सगळं सांगते. आधी बाहेरचं. तू गेलास तेव्हा कोणी हुर्यो केली नाही, कोणी काही फेकलं नाही. टोपी मात्र खरंच कानांवर येते रे, शोभत नव्हती. तरी मला इतका अभिमान वाटला की मी बोटं चावली. सायलस पुढे काठी घेऊन चालत होता, हद्दीपर्यंत. मग तो परत आला आणि थेट सभेत गेला. मी बायकांच्या माडीवर होते.

कॉन्स्टेबलने कामाचा जबाब द्यायचा असतो. सायलस उभा राहिला, म्हणाला की कागद पाळला, चार माणसं हद्दीबाहेर सोडली. मग त्याने ती पितळी टोकाची काठी सभापतीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला की आता ही दुसऱ्या कुणी उचलावी, त्याच्याने होणार नाही. टट्टलने लगेच पुढचा विषय घ्यायला सांगितलं, रस्त्याच्या खडीचा. खडी! माझं डोकंच फिरलं.

बायकांनी बोलायचं नसतं, मला माहीत आहे. मी बोलले. उठून, कठड्याला धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हटलं की ॲम्ब्रोज टट्टल, तुझ्या बापाची घसरगाडी आमच्या मागे होती. ज्या कॉन्स्टेबलने आम्हाला कागद वाचला, त्यानेच तासाभराने तुझ्या बापाला वाचला. माझी आई बसून राहिली, आणि तुझी आई रडत आमच्या दारात आली. माझ्या आईने तिला पायरीवर शेजारी बसवलं, तेव्हा तुम्ही राहिलात. सभापती टेबलावर हातोडा आपटत होता. मी म्हटलं, आपट, मी संपवूनच बसणार.

टट्टल लालबुंद झाला, पण खोटं म्हणाला नाही. तेवढं श्रेय देते त्याला. मग गिरणीवाला उठला, म्हणाला की त्याच्या आजोबालाही कागद मिळाला होता. लोहार म्हणाला की त्याच्या घरी तो कागद अजून फडताळात आहे. मग तर जो तो बोलायला लागला. अर्धं गाव कागद मिळालेल्यांचं निघालं, आणि आजवर प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच लाजायचं आहे.

शेवटी मत घेतलं, दोन भिंतींकडे उभं राहून. डॉर्कस फिंच आणि तिच्या मुलींना गावाने आपलं म्हणावं, यासाठी डावी भिंत इतकी भरली की खिडकीची काच फुटली. जोथम, त्या गावच्या झाल्या! आता त्यांना कोणी हलवू शकत नाही. हे वाचून दाखव त्यांना. लगेच. पुढचं नंतर वाच.

वाचून दाखवलंस? बरं, पुढचं ऐक. टट्टल त्यावर उठला आणि म्हणाला की विधवेला गावाने दया दाखवली ते ठीक, पण गव्हर्नरला दयेची गरज नाही. त्याने स्वतः लिहून दिलंय की नाव खोडलं तर तो पुन्हा लिहील. तर गावाने त्याच्या इच्छेला मान द्यावा आणि त्याचं नाव कागदावर राहू द्यावं. आणि राहिलं रे! थोड्याच मतांनी, पण राहिलं. तीच माणसं. कायदा तो कायदा, म्हणाली.

आणि तीच माणसं लगेच चिठ्ठ्या लिहायला बसली. पक्षाने तुला उभं केलं नाही, छापील चिठ्ठीवर विदरबीचं नाव, तरी क्रेनफील्डच्या पेटीत निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर हाताने जोथम लॅरबी लिहिलेलं निघालं. तुला गावातून हाकललं आणि राज्यावर बसवायला निघाले! या गावाला मी आता काय म्हणू? सायलस म्हणतो की बाकीची गावं काही असली येडी नाहीत, विदरबीच येणार. येऊ दे.

तुझीच, तुझ्यावर कधी न रागावलेली (खोटं आहे),
हिटीताई


राजधानी,
२९ मे १८१२

ती. हिटीताईस,
धाकट्याचा सा. न.

रस्त्यांचा चिखल एकदाचा वाळला, म्हणून डॉर्कसबाई आणि मुली या पत्राबरोबरच निघताहेत, टपालाच्या गाडीने. धाकटी मला सोडायला तयार नव्हती. मी तिला टोपी दिली, तिच्याही कानांवर येते, पण तिला आवडली.

बुधवारी कर्नल विदरबी शपथ घेतील. खुर्चीत बसून पाहिलं त्यांनी, बरोबर मावतात. जाण्याआधी मी निघण्याचे कागद बंद करण्याचा मसुदा विधिमंडळाकडे पाठवला. सचिव खोकले, मी त्यांना पाणी आणून दिलं आणि सही केली. सभागृहाने तो बाजूला ठेवला. दर वर्षी पाठवीन, नुसता नागरिक म्हणून, त्यांनी कंटाळून वाचेपर्यंत.

काल सामान बांधताना लक्षात आलं, ताई, मी आयुष्यभर हंगामीच होतो. मास्तर आजारी पडले म्हणून शाळा मिळाली. कारकून वारला म्हणून दफ्तर. सभापतींना ताप होता म्हणून मी बसलो आणि उठलोच नाही. गव्हर्नरही तसाच. नेहमी दुसऱ्याच्या गैरहजेरीत, दुसऱ्याच्या खुर्चीत, ती मोडू नये म्हणून कडेला बसून. निवडून आलो असतो तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. तीन रात्री झोपलो नाही. पण त्या कागदावर माझं नाव लिहून घे म्हणून मी सायलसला सांगितलं, ते कुणाच्या गैरहजेरीत नव्हतं. तिथे मी हजर होतो.

आता येतोय, कायमचा. पण कागदाप्रमाणे मी क्रेनफील्डमध्ये राहू शकत नाही. म्हणून विचारतो, मागची ईस्ट बॅरोची खोली मला देशील का? भाडं म्हणून लाकडं फोडीन. जेवायला हद्द ओलांडून येईन.

आसरा आणि माया दोन्ही मागणारा,
जोथम


क्रेनफील्ड,
५ जून १८१२

चि. जोथम यास,
ताईचे अ. उ. आ.

मागची खोली मिळणार नाही. तिथे डॉर्कसचा माग बसवलाय, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ईस्ट बॅरोत आता तुला जागा नाही. तुझी खाट मी स्वयंपाकघराला लागून, पुढच्या बाजूला टाकली आहे. क्रेनफील्डमध्ये. पांघरूण नवं आहे, तिनेच विणलेलं.

लपायचं होतं ते त्या बाईने लपून घेतलं. तिला पोरी होत्या, तिचा हक्क होता. तुला नाही.

सायलसची काठी आता टट्टलच्या जावयाकडे आहे. तो म्हणतो की तू आलास की तो येऊन कागद वाचणार, म्हणजे वाचणारच. येऊ दे त्याला. धाकटी तुझी टोपी घालून रोज फाटकाशी त्याची वाट बघते. म्हणते, मी सांगेन त्याला.

बाकी सगळं ठीक. गाय व्यायली. सफरचंदाला मोहोर बरा आहे. आईची पायरी मी काल वाळूने घासून काढली. तीच आहे अजून, मधे जरा झिजली आहे, बसायला बरी पडते. सकाळी नऊपासून तिथे ऊन येतं.

खुर्च्या पुरे झाल्या तुझ्या. ये, आणि पायरीवर बस. त्याने वाचायला सुरुवात केली तर शेवटपर्यंत ऐकून घे, आणि मग त्याला ऊन सोडून उभं राहायला सांग. उठायचं नाही.

तुझी वाट बघणारी,
हिटीताई